देवाचे आनंदस्तवन कसे गावे

प्रार्थनेला बसल्यावर बहुतेक वेळा आपण काही तरी मागत असतो, नाही तर झालेल्या अपराधांची क्षमा याचत असतो, आणि मागितलेले मिळाले की आभार मानत असतो. स्तवन या तिन्हींहून निराळे आहे. ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे कॅथलिक शिकवणुकीच्या अधिकृत ग्रंथात, २६३९ क्रमांकाच्या परिच्छेदात, असे सांगितले आहे की देवाने काय केले याच्याही पलीकडे जाऊन, केवळ तो आहे एवढ्याच कारणासाठी त्याचा गौरव करणारी प्रार्थना म्हणजे स्तवन. ही व्याख्या आधी मनात नीट बसवून घ्यावी. कोणते गीत निवडायचे, कोणत्या पट्टीत गायचे, केव्हा गायचे आणि केव्हा गप्प राहायचे, ही पुढची सारी तयारी तिच्यावरच उभी राहते. आनंदाने गायचे म्हटले की द्रुत लय, टाळ्या आणि चढा आवाज हेच अनेकांच्या मनात येते. पण आपली नजर स्वतःवरून उठून देवावर स्थिरावली, तर संथ चालीचे स्तोत्रही आनंदाने भरून येते, आणि ती स्थिरावली नाही, तर कितीही जोशात गायलेले गीत ऐकणाऱ्याला आणि गाणाऱ्याला रितेच ठेवते.

आधी शब्द, मग चाल

नवे गीत शिकताना आपण सहसा चाल आधी उचलतो आणि शब्द तिच्यामागून फरफटत येतात. हा क्रम उलटा करावा. गीत स्वतःच्या हाताने वहीत उतरवावे, चाल न लावता दोनदा मोठ्याने वाचावे, आणि प्रत्येक ओळ कोणाला उद्देशून आहे ते समासात लिहावे: देवाला, सोबतच्या भाविकांना, की स्वतःलाच. या एवढ्याशा अभ्यासातून पुष्कळ गोष्टी उघड होतात. काही लोकप्रिय गीतांत 'मी', 'मला', 'माझे' या शब्दांची इतकी दाटी असते की देवाचे नाव केवळ ध्रुवपदात उरते. अशी गीते वाईट आहेत असे मुळीच नाही. एकांतातल्या मनोगताला ती शोभतात. मात्र स्तवनासाठी गीत निवडायचे असेल, तेव्हा त्यातील क्रियापदांचा कर्ता कोण आहे हे पाहावे. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील मरियेचे गीत या बाबतीत उत्तम शिक्षक आहे. त्याच्या आरंभी 'माझा जीव' आणि 'माझा आत्मा' असे शब्द येतात खरे, पण लगेच गीताची सूत्रे देवाकडे जातात: त्याने पाहिले, त्याने महत्कृत्ये केली, त्याने गर्विष्ठांना पांगवले, अधिपतींना आसनांवरून उतरवले, दीनांना उंचावले, भुकेल्यांना तृप्त केले. गाणारी व्यक्ती स्वतःपासून निघते आणि देवापाशी पोहोचते. निवडलेले गीत हाच प्रवास घडवते का, हे तपासणे पुरेसे आहे.

शब्द तपासण्याची ही दक्षता केवळ वैयक्तिक आवडीचा भाग नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर केलेल्या उपासनाविषयक संविधानाच्या १२१व्या कलमात म्हटले आहे की गीतांचे शब्द कॅथलिक शिकवणुकीशी सुसंगत असावेत आणि ते प्रामुख्याने पवित्र शास्त्रातून व उपासनेच्या मूळ स्रोतांतून घेतलेले असावेत. संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या खंडात याच विषयावर अत्यंत प्रामाणिकपणे लिहिले आहे: गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावलो, तर आपल्या हातून अपराध घडला असे त्यांना वाटे. तरीही त्यांनी चर्चमधील गायनाचा पुरस्कारच केला, कारण त्याच गायनाने एके काळी त्यांच्या डोळ्यांत अश्रू आणले होते. (जो गातो तो दोनदा प्रार्थना करतो, हे वचन नेहमी त्यांच्या नावावर सांगितले जाते. रोमन मिस्सा-ग्रंथाची, म्हणजे मिस्सा या कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीच्या ग्रंथाची, सर्वसाधारण मार्गदर्शिका मात्र त्याला केवळ एक प्राचीन म्हण म्हणते, आणि त्या म्हणीत 'जो चांगले गातो' असे शब्द आहेत. 'चांगले' हा शब्द गाळू नये.)

स्तोत्र एका स्वरावर गाण्याची रीत

ज्याला सुरुवातच करायची आहे, त्याने गीतसंग्रहाकडे वळण्यापूर्वी स्तोत्रसंहिता उघडावी. तिच्यातील १५० स्तोत्रे हेच ख्रिस्तसभेचे सर्वांत जुने गीतपुस्तक आहे, आणि ते गाण्यासाठी संगीताचे शिक्षण लागत नाही. पहिल्यांदा ११७वे स्तोत्र घ्यावे. ते अवघ्या २ वचनांचे आहे. त्यानंतर १००वे आणि मग १५०वे.

रीत अशी. प्रत्येक वचन अर्थानुसार दोन भागांत विभागावे आणि मध्ये एक खूण करावी. आपल्याला सहज पेलेल असा षड्ज धरून गंधारावर यावे आणि पहिल्या भागातील सर्व शब्द त्या एकाच स्वरावर, बोलण्याच्या ओघात म्हणावेत. शेवटच्या दोन अक्षरांवर मध्यमाला स्पर्श करून गंधारावर परतावे. मग थांबावे. एक पूर्ण श्वास घ्यावा. दुसरा भागही गंधारावरच म्हणावा आणि अखेरच्या तीन अक्षरांवर गंधार, ऋषभ, षड्ज असे उतरावे. पुढचे वचन पुन्हा गंधारावरून सुरू करावे. ग्रेगोरियन गायनात, म्हणजे ख्रिस्तसभेच्या जुन्या लॅटिन गायनपरंपरेत, स्तोत्रांसाठी असे आठ स्वरबंध परंपरेने चालत आले आहेत आणि ते याहून पुष्कळ नाजूक आहेत. परंतु त्या सर्वांचा गाभा हाच आहे की बहुतेक शब्द एका स्वरावर चालतात आणि स्वर फक्त वाक्याच्या वळणांवर हलतो.

या रीतीत दोन चुका हमखास होतात. पहिली, प्रत्येक अक्षराला सारखेच वजन देऊन गाणे, ज्यामुळे वाक्य तुकड्या-तुकड्यांत मोडते. वाक्य जसे बोलाल तसेच म्हणावे. दुसरी चूक अधिक गंभीर आहे, ती म्हणजे मधला विराम गाळणे. दोन गटांत आळीपाळीने स्तोत्र गाताना एक गट संपण्याआधीच दुसरा तुटून पडतो, आणि सारे जण घाईने शेवटाकडे धावू लागतात. मधला विराम ही रिकामी जागा नव्हे. आत्ता म्हटलेला अर्धा भाग तिथेच मनात उतरतो. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमग्रंथाच्या एकोणिसाव्या प्रकरणात मठवासीयांना सांगितले आहे की स्तोत्रे गाताना आपले मन आपल्या वाणीशी जुळलेले असावे. वाणी पुढे जाते आणि मन मागून येते, त्याला गाठायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ या विरामात मिळतो.

१५०व्या स्तोत्राची तयारी थोडी वेगळी करावी. त्याच्या ६ वचनांत स्तवनाची हाक मूळ हिब्रू पाठात १३ वेळा येते, आणि शेवटी श्वास असलेल्या प्रत्येक प्राण्याला परमेश्वराचे स्तवन करण्याचे आवाहन आहे. रणशिंग, वीणा, डफ, तंतुवाद्ये, पावा, झांजा अशी वाद्यांची नावे एकामागून एक येतात. हे स्तोत्र हळू आवाजात सुरू करून वचनागणिक थोडे थोडे वाढवत न्यावे, म्हणजे त्याची बांधणी आपोआप कळते.

मिस्साबलिदानात प्रथम काय गावे

गायनवृंदांची तयारी पाहिली तर एक गोष्ट वारंवार आढळते. प्रवेशगीत, अर्पणगीत आणि कम्युनियनची (ख्रिस्तप्रसाद स्वीकारतानाची) गीते यांवर सगळा सराव खर्च होतो, आणि 'पवित्र, पवित्र, पवित्र' मात्र घाईने म्हणून टाकले जाते. ख्रिस्तसभेने सांगितलेला क्रम याच्या उलट आहे. ५ मार्च १९६७ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'मुसिकाम साक्राम' या सूचनापत्रात गायनाच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत. पहिल्या पायरीत धर्मगुरू आणि भाविक यांच्यातील संवाद, शुभवर्तमानाच्या वेळचे जयघोष, प्रिफेसचा (अर्पणानंतरच्या मुख्य प्रार्थनेच्या आरंभीच्या स्तुतीचा) संवाद व त्यानंतरचे 'पवित्र, पवित्र, पवित्र', आणि प्रभूची प्रार्थना येते. दुसऱ्या पायरीत 'हे प्रभो, दया कर', गौरवगीत, श्रद्धेचा अंगीकार इत्यादी. प्रवेशाच्या आणि कम्युनियनच्या मिरवणुकीची गीते तिसऱ्या पायरीवर आहेत. म्हणजे ज्याला आपण पहिले समजतो ते शेवटचे आहे. एखाद्या समूहाने नव्याने सुरुवात करायची ठरवली, तर पहिला महिनाभर फक्त आलेलूया, 'पवित्र, पवित्र, पवित्र' आणि महास्तुतीनंतरचे (त्या मुख्य प्रार्थनेच्या समारोपाच्या स्तुतीनंतरचे) 'आमेन' एवढेच नीट बसवावे. हे तीन जयघोष सर्व भाविकांच्या तोंडी पक्के झाले की उपासनेचा सूरच बदलतो, असे माझे ठाम मत आहे.

'पवित्र, पवित्र, पवित्र' या जयघोषाबाबत एक व्यावहारिक सूचना आवर्जून पाळावी. प्रिफेसच्या अखेरीस धर्मगुरू म्हणतात की देवदूतांच्या स्वरात स्वर मिसळून आम्हीही गातो. त्या वाक्यानंतर लगेच गाणे सुरू झाले पाहिजे. तिथे गीताचा क्रमांक पुकारणे, लांबलचक वादन करणे किंवा पाने उलटत बसणे म्हणजे देवदूतांना थांबवून ठेवण्यासारखे आहे. वादकाने प्रिफेसच्या शेवटच्या ओळीवर कान ठेवावा आणि हलकासा स्वर आधीच देऊन ठेवावा. या जयघोषाचे पहिले शब्द यशया संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातील सेराफिमांचे, म्हणजे देवाच्या सिंहासनापाशी असलेल्या दूतांचे, आहेत, आणि 'होसान्ना' ही येरुशलेमच्या वाटेवरील लोकांची हाक आहे. स्वर्ग आणि रस्ता या एकाच गीतात एकत्र येतात, हे गायनवृंदाला सरावाच्या वेळी एकदा तरी समजावून सांगावे.

गौरवगीताला, म्हणजे ग्लोरियाला, अधिक वेळ द्यावा लागतो. ते आगमनकाळ (नाताळापूर्वीचे आठवडे) आणि प्रायश्चित्तकाळ (ईस्टरपूर्वीचे आठवडे) वगळून इतर रविवारी, तसेच महोत्सव व सण या दिवशी गातात किंवा म्हणतात, आणि त्याच्या जागी दुसरे कोणतेही गीत घालण्यास मार्गदर्शिकेची स्पष्ट मनाई आहे. केवळ 'गौरव असो' हे शब्द ज्यात आहेत असे एखादे जोशपूर्ण गीत तिथे चालत नाही. या गीताची सुरुवात बेथलेहेमच्या रात्रीच्या दूतगणांच्या शब्दांनी होते. मग आम्ही तुझी स्तुती करतो, तुला धन्य म्हणतो, तुझी आराधना करतो, तुझा गौरव करतो अशा चार लहरी येतात. आणि पाचवी लहर सर्वांत विलक्षण आहे, कारण तिथे आपण देवाचे आभार त्याच्या महान गौरवाबद्दल मानतो. आपल्याला मिळालेल्या कोणत्याही दानाचा तिथे उल्लेख नाही. देव महान आहे याचाच आनंद होऊन त्याचे आभार मानणे, हे स्तवनाचे इतके शुद्ध रूप आहे की ही एक ओळ गाताना दरवेळी क्षणभर मनाने थांबावे असे मला वाटते. गौरवगीताच्या मध्यभागी दयेची याचना येते. तिथे आवाज आणि वाद्ये खाली आणावीत, आणि 'केवळ तूच पवित्र आहेस' या आशयाच्या ओळीपासून पुन्हा वर न्यावीत. संपूर्ण गीत सर्वांना एकदम जमत नसेल, तर गायनवृंद व भाविक यांनी आळीपाळीने गावे. तशी मुभा आहे.

आलेलूया हा मूळ हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ 'याहवेची स्तुती करा' असा होतो. तो वाचून दाखवणे अगदीच कोरडे वाटते, आणि मार्गदर्शिकाही सांगते की तो गायला जाणार नसेल तर गाळला तरी चालेल. सर्वांनी उभे राहून गावा, मधले वचन एकट्या गायकाने किंवा गायनवृंदाने म्हणावे, आणि मग सर्वांनी पुन्हा गावा.

पट्टी, लय आणि वाद्ये

भाविकांच्या गायनाला सर्वांत जास्त मारक ठरते ती चुकीची पट्टी. माझ्या हातून ही चूक अनेक वर्षे झाली. माझा आवाज वरच्या पट्टीत खुलतो म्हणून मी गीते वर धरत असे, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत बहुतेक भाविक गप्प झालेले असत. ते गात नाहीत याचे मला वाईट वाटे, पण त्याचे कारण मीच आहे हे कळायला फार वेळ गेला. सर्वसाधारण मिश्र समूहासाठी गीताची उंची कीबोर्डवरील मधल्या 'सी'पासून वरच्या 'सी'पर्यंत, फार तर 'डी'पर्यंत ठेवावी. पुरुष तेच स्वर एक सप्तक खाली गातील. सकाळच्या उपासनेत आवाज मोकळे झालेले नसतात, तेव्हा आणखी अर्धा स्वर खाली यावे.

लय ठरवताना पुढे उभे राहून एक ओळ सर्वांबरोबर गावी आणि ओळीच्या शेवटी त्यांना श्वास घ्यायला जागा मिळते का ते पाहावे. भाविकांना येत असलेल्या ओळींवर मुख्य गायकाने मायक्रोफोनपासून मागे सरावे. आपला आवाज ऐकू येऊ लागला की माणसे गाऊ लागतात, आणि एकच आवाज सर्वत्र घुमत राहिला की ती ऐकत बसतात. पाइप ऑर्गनला महासभेने विशेष मान दिला आहे, आणि पवित्र उपासनेला अनुरूप असतील अशी अन्य वाद्येही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतात. वाद्य कोणतेही असो, शब्द झाकले जाता कामा नयेत. नवे गीत एका वेळी एकच शिकवावे आणि सलग चार रविवार तेच गावे.

गाण्याचे आणि न गाण्याचे दिवस

उपासनावर्षाचा आनंद एकसारखा वाहत नाही. प्रायश्चित्तकाळात आलेलूया पूर्णपणे थांबतो आणि त्याच्या जागी दुसरा जयघोष येतो. वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजतात. पवित्र गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सेत गौरवगीत गाताना घंटा वाजवल्या जातात आणि मग पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणापर्यंत त्या मूक होतात. जागरणाच्या रात्री, पत्राचे वाचन झाल्यावर, धर्मगुरू तीनदा आलेलूया गातात, दर वेळी एक पायरी वर चढून, आणि भाविक तो झेलतात. सहा आठवडे न उच्चारलेला शब्द असा पायरीपायरीने परत येतो. ज्या समूहाने प्रायश्चित्तकाळातही सवयीने आलेलूयाची गीते गायलेली असतात, त्याला या क्षणाचा आनंद अर्धाच मिळतो, म्हणून त्या काळात सरावालासुद्धा तो शब्द घेऊ नये.

कम्युनियननंतरचे मौनही असेच जपावे. तिथे सर्वांनी मिळून एखादे स्तुतिगीत गाण्याची मुभा आहे, पण आधी शांतता असावी. शांततेतून उठलेले गीत वेगळे वाजते.

शब्द संपतात तेव्हा

संत ऑगस्टिन यांनी बत्तिसाव्या स्तोत्रावरील, म्हणजे आपल्या क्रमांकानुसार तेहेतिसाव्या स्तोत्रावरील, प्रवचनात एक सुंदर निरीक्षण नोंदवले आहे. शेतात कापणी करणारे किंवा द्राक्षमळ्यात राबणारे लोक आधी शब्दांनी गाऊ लागतात, पण आनंद मावेनासा झाला की शब्द सोडून देतात आणि केवळ उल्हासाचा नाद उरतो. अवर्णनीय देवासमोर असा नादच योग्य, असे ते म्हणतात. ग्रेगोरियन आलेलूयाच्या शेवटच्या 'आ'वर जो लांब स्वरविस्तार असतो, त्याला 'युबिलुस' हे नाव आहे. प्रार्थनागटांत स्तुती-आराधनेच्या वेळी हे करून पाहावे: आलेलूया तीनदा गाऊन शेवटचा 'आ' प्रत्येकाने आपल्या श्वासाइतका, मृदू आवाजात, षड्ज किंवा पंचम धरून लांबवावा, आणि श्वास संपला की शांतपणे पुन्हा सुरू करावा. कोणी कोणाच्या वर आवाज चढवू नये. दोन-तीन मिनिटांत तो नाद आपोआप विरतो. तो ओढून लांबवू नये.

मन जड असताना

आनंदाचे स्तवन दुःखात कसे गावे, हा प्रश्न प्रत्येक भाविकाला कधी ना कधी पडतो. मन प्रसन्न होईपर्यंत थांबावे हे उत्तर शास्त्राला मान्य नाही. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात, फटके खाल्लेल्या अंगाने आणि खोड्यात अडकलेल्या पायांनी, मध्यरात्रीच्या सुमारास देवाची स्तोत्रे गात होते, आणि इतर बंदिवान ऐकत होते. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी सृष्टीचे स्तुतिगीत १२२५ साली रचायला घेतले, तेव्हा ते आजारी होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. ज्या सूर्यासाठी त्यांनी देवाची स्तुती केली, त्याचा प्रकाश त्यांच्या डोळ्यांना सहन होत नव्हता.

तरीही खोटा उत्साह आणू नये. अशा दिवशी १३वे स्तोत्र घ्यावे. त्याची सुरुवात 'किती काळ?' या आर्त प्रश्नाने होते आणि शेवट परमेश्वरासाठी गाण्याच्या निश्चयाने. वर सांगितलेल्या एकस्वरी रीतीने ते गावे, पण षड्ज नेहमीपेक्षा खाली धरावा आणि शेवटच्या वचनापाशी आवाज मुद्दाम वाढवू नये. तो वाढला तर वाढू द्यावा. १३वेही जड जात असेल तर ८८वे आहे. ते अंधारातच संपते, त्यात शेवटी कुठेही उजाडत नाही, आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे व ख्रिस्तसभा ते दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत म्हणते. ते म्हणून झाल्यावर आनंदाचे दुसरे गीत जोडण्याची घाई करू नये, तसेच झोपावे.

सकाळी तासिक प्रार्थनेचे, म्हणजे दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणायच्या ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेचे, पहिले वाक्य तेवढे गावे. हे प्रभो, माझे ओठ उघड, म्हणजे माझे मुख तुझी स्तुती वर्णील, अशा अर्थाचे ते वाक्य ५१व्या स्तोत्रातील आहे, आणि ते स्तोत्र पश्चात्तापाचे आहे. दिवसाच्या स्तवनाचा आरंभ ख्रिस्तसभा तिथून करते. एका स्वरावर, उभे राहून, एकदाच गायले तरी त्या सकाळसाठी तेवढे पुरे.